गैरअर्जदार

मुखेडच्या तहसील कचेरीबाहेर एक अर्जनवीस बसतात. गोष्टीतला माणूस आहे, तेव्हा त्यांचं नाव आणि गाव विचारू नये. लोक त्यांना अप्पा म्हणतात, एवढं पुरे. एक टेबल, दोन बाकडी, शाईचा पॅड, कोर्ट फीची तिकिटं आणि लेजर पेपरचा गठ्ठा, एवढ्या भांडवलावर त्यांची हयात गेली.

अप्पांचे वडीलही हेच करायचे. निजामाच्या अमलात कचेरीचा कारभार उर्दूत चाले, म्हणून ते उर्दूत अर्ज लिहीत. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस ॲक्शन झाली, हैदराबाद संस्थान भारतात आलं, कचेरीत हळूहळू मराठी आली, आणि वडिलांनी नव्यानं मराठी अर्जाचा हात बसवला. तक्रारी मात्र त्याच होत्या. भावानं वाटणी दिली नाही, सावकारानं बैल नेला, शेजाऱ्यानं धुरा कोरला. मरताना त्यांनी मुलाला टेबल दिलं आणि धंद्याचे नियम सांगितले. पैसे आधी घ्यायचे. पैसे घेतले की कलम त्या माणसाची झाली, त्याच्याविरुद्ध ती चालता कामा नये. आणि अंगठा उठवण्याआधी अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, कारण ज्याला वाचता येत नाही त्याला फसवणं फार सोपं असतं.

अप्पांनी हे नियम पाळले. धंदा चोख. मतं मात्र नियमाबाहेरची होती.

दुपारी कचेरीतली गर्दी ओसरली की अप्पा स्टँडजवळच्या हॉटेलात येऊन बसत. तिथं त्यांचं दुसरं नाव होतं, जज्जसाहेब. कर्जमाफी असो, रेशन असो, घरकुलाची यादी असो, अप्पांचा निकाल तयार. एसटीत 2023 च्या मार्चपासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा अप्पांनी हॉटेलात तासभर सांगितलं की फुकटच्या सवलतींनी समाज आळशी होतो. त्याच आठवड्यात त्यांच्या घरच्या नांदेडला दवाखान्यात जाऊन आल्या, अर्ध्या तिकिटात. वाचलेले पैसे अप्पांच्या खिशात गेले. त्याबद्दल समाजाला काही कळलं नाही.

बोलता बोलता ते रामशास्त्री प्रभुण्यांवर यायचे. 1773 साली नारायणराव पेशव्याचा खून झाला आणि शास्त्रीबुवांनी खुद्द राघोबादादाला दोषी ठरवलं. न्याय म्हणजे तसा, माणूस न बघता दिलेला, असं म्हणून अप्पा बशीतला चहा संपवत. ऐकणाऱ्याला वाटावं, शास्त्रीबुवांच्या शेजारीच बसले होते.

पण त्यांचं सगळ्यात आवडतं प्रकरण लेंडीचं. लेंडी ही मुखेड तालुक्यातली नदी. तिच्यावर गोणेगावजवळ महाराष्ट्र आणि तेव्हाचा आंध्र यांनी मिळून धरण बांधायला घेतलं ते ऐंशीच्या दशकात. तेव्हा पाळण्यात असलेल्या पोरांची लग्नं झाली, 2014 साली आंध्रातून तेलंगण वेगळं झालं, तरी धरण काही पुरं होईना. मुक्रमाबाद, रावणगाव, हसनाळ, भिंगेली या बुडीतातल्या गावांचं म्हणणं असं, की आधी आमचं पुनर्वसन पुरं करा, मग धरणाची घळ, म्हणजे नदीपात्रातला मोकळा ठेवलेला भाग, भरा. अप्पांना हे पटत नसे.

“चाळीस गावं भिजणार असतील तर चार गावांनी उठलं पाहिजे,” ते म्हणत. “चौघांच्या सोयीपुढं एकाची अडचण धरून बसलं तर राज्य चालंल का? यांना निस्ता पैसा पाहिजे. मावेजा घेतेत, अजून मागतेत.”

गंमत अशी, की याच गावांतल्या कितीतरी लोकांचे वाढीव मावेजाचे, म्हणजे भरपाईचे, अर्ज, 1894 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 18 खालचे, अप्पांनीच लिहून दिले होते. फार चांगले लिहिले होते. विहीर, आंब्याची झाडं, गोठा, काही सोडलं नव्हतं. सकाळी त्यांची बाजू कागदावर मांडायची आणि दुपारी हॉटेलात त्यांनाच लोभी म्हणायचं, यात काही वावगं आहे असं त्यांना वाटत नव्हतं. अर्ज हा धंदा, मत हे मत. तुमचंआमचंही याहून फार वेगळं नसतं. आपल्याला फक्त अर्ज लिहिता येत नाहीत.

आता त्यांच्या शेताकडं वळू. गावच्या शिवारात अप्पांची नऊ एकर जमीन. तिच्या खाली, नाल्यापर्यंत, सहा जणांची शेतं. त्या सहा जणांची वाट अप्पांच्या रानातून, पूर्वेच्या धुऱ्याला लागून जायची. वाट कुणी दिली, कधी दिली, कुठं कागद नाही. बैलगाडी जात होती तोवर कुणाला त्रासही नव्हता. पुढं ट्रॅक्टर आला, मळणी यंत्र आलं, मग सोयाबीन काढायला पंजाबातनं हार्वेस्टर यायला लागले. वाट रुंदावत गेली. मधल्या काळात अप्पांनी विहिरीवरनं वरच्या तुकड्यात पाणी न्यायला पाइपलाइन टाकली होती, ती नेमकी या वाटेखालनं. पहिल्यांदा ती मळणी यंत्राच्या चाकाखाली फुटली. दुसऱ्यांदा हार्वेस्टरखाली. दोन्ही वेळा पाण्याचा लोट उडालेला अप्पांनीच जाऊन पाहिला, दोन्ही वेळा दुरुस्ती पदरच्या पैशानं केली. फोडणाऱ्यानं पैसे तर दिले नाहीतच, “अप्पा, फुटला बरं का” एवढंही कुणी म्हटलं नाही.

अप्पांचा राग खरा होता. तो त्यांनी कुणाला सांगितला नाही, एवढंच. दुनियेच्या तक्रारी कागदावर मांडणाऱ्या माणसाला स्वतःची तक्रार शेजाऱ्याला तोंडानं सांगता येईना. 2023 ची दिवाळी झाली आणि पाडव्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी जेसीबी बोलावला, वाटेच्या तोंडाशी आडवी चारी खांदली आणि वर बाभळीच्या काट्या टाकल्या.

सहा जणांनी आरडाओरडा केला. पण तो फार टिकला नाही. कुणाची वारसनोंद अडकलेली, कुणाची मोजणी, कुणाचं पीक विम्याचं काही. प्रत्येकाचा एकेक कागद अप्पांच्या टेबलावरून जायचा होता. पाचांनी नाल्यातून फिरून जायची वाट काढली. सगळ्यात खालच्या टोकाला तीन एकर होती ती एका विधवा बाईची. नाल्याचा काठ तिच्या बाजूला उभा, तिथं चाक चढत नव्हतं. तिची तूर आणि हरभरा त्या वर्षी डोक्यावरून घरी आला.

2024 चा एप्रिल संपत आला होता. ऊन असं की कचेरीच्या आवारात कुत्रंसुद्धा फिरकत नव्हतं. बाकड्यावर दोघं-तिघं अर्जासाठी थांबलेले. ती बाई काळ्या-पिवळ्या जीपमधून उतरून थेट अप्पांच्या टेबलाशी आली आणि कनवटीची शंभराची नोट काढून समोर ठेवली. हाताच्या सवयीनं अप्पांनी ती उचलून ड्रॉवरात टाकली आणि मग मान वर केली.

“बोला वैनी. काय लिहायचं?”

“रस्त्याचा अर्ज.”

“कुणी अडवला?”

“तुम्ही.”

बाकड्यावरचे लोक गप्प झाले. अप्पांनी घसा साफ केला.

“मग माझ्याकडं कामून आलाव?”

“दुसऱ्या दोघांकडं जाऊन आले. तुमचं नाव आयकलं की ते कलम खाली ठेवतेत. आन् लोक म्हणतेत, रस्त्याचा अर्ज लिहावा तर अप्पांनीच. मग म्हटलं, चांगलं लिहिणाऱ्याकडंच जावं.”

यात टोमणा होता की साधेपणा, हे अप्पांना तेव्हाही कळलं नाही आणि मलाही सांगता येणार नाही. नोट परत करता आली असती. पण नोट ड्रॉवरात गेली होती, बाकड्यावर माणसं होती, आणि बापाचा नियम होता. अप्पांनी लेजर पेपर पुढं ओढला.

रस्त्याच्या अर्जाला दोन दारं असतात, हे या धंद्यातल्या माणसाला पाठ असतं. मुळात रस्ताच नसेल तर जमीन महसूल संहिता, 1966, कलम 143. धुऱ्यावरून नवीन रस्ता मागायचा, आणि तो का लागतो, दुसरी वाट कशी नाही, हे सगळं पटवून द्यायचं. वापरातला रस्ता कुणी अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906, कलम 5. अडथळा काढून मागायचा. हे दुसरं दार सोपं, पण त्याला एक उंबरठा आहे. अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत यावं लागतं.

अप्पांनी कलम 5 लिहिलं. इतकं करणं भागच होतं. बाकड्यावरच्या एकाचा तसाच अर्ज त्यांनी गेल्याच वर्षी लिहिला होता आणि तो कान देऊन ऐकत होता. मग तारखेपाशी आले.

“कधी अडवला, वैनी?”

“आता बगा, दसरा होता का दिवाळी? सोयाबीन निघालं होतं एवढं ध्यानात हाय.” ती थोडा वेळ आठवत राहिली. “तुम्हालाच ठावं, भावजी. चारी तुम्हीच खांदली.”

दसऱ्याची तारीख टाकली तर सहा महिने उलटून गेलेले. दिवाळीची टाकली तर अजून पंधरा-वीस दिवस हातात. एका सणाचा फरक. अर्ज कुणाला दाखवला तरी वरून सुरेख दिसला असता, आणि कचेरीत पहिल्याच तारखेला मुदतीच्या मुद्द्यावर पडला असता. कुणी अप्पांना बोल लावला नसता. बाईनंच तसं सांगितलं, म्हणता आलं असतं.

अप्पांनी लिहिलं, दसऱ्याच्या सुमारास.

पुढचा मजकूर हातातून आपोआप उतरत गेला, कारण तो त्यांनी शेकडो वेळा लिहिला होता. सदर रस्ता पूर्वापार वहिवाटीचा आहे. गैरअर्जदाराने कोणताही अधिकार नसताना तो बंद केला आहे. अर्जदाराचा शेतमाल घरी आणण्यास दुसरा मार्ग नाही. रस्ता खुला केल्यास गैरअर्जदाराचे काहीही नुकसान होणार नाही. या शेवटच्या वाक्यावर कलम थांबली. काहीही नुकसान होणार नाही? दोनदा फुटलेली पाइपलाइन त्यांच्या डोळ्यांपुढं आली. आजवर किती गैरअर्जदारांबद्दल हे वाक्य लिहिलं असेल, आणि त्यांतल्या किती जणांच्या वाटेखाली काही ना काही पुरलेलं असेल, हा विचार त्यांच्या मनात त्या दिवशी पहिल्यांदा आला. तरी वाक्य त्यांनी ठेवलं. कलम तिची होती.

मग नियमाप्रमाणं मोठ्यानं वाचून दाखवलं. बाई पदरानं घाम पुसत ऐकत होती. दसऱ्याच्या सुमारास, हे आलं तेव्हा तिनं मान हलवली.

“तुम्ही म्हणताव तर तसंच असंल,” ती म्हणाली आणि अंगठा पुढं केला.

अप्पांनी शाईचा पॅड मागं ओढला. “थांबा वैनी,” म्हणाले. कागदाचे दोन तुकडे केले, नवा कागद घेतला आणि सगळा अर्ज पहिल्यापासून लिहिला. तारीख टाकली ती दिवाळीच्या पाडव्यानंतरची, जेसीबीवाल्याच्या पावतीवर होती तीच. बाकड्यावरच्या माणसांना वाटलं, शाई सांडली असेल.

सुनावणीला जे झालं ते कचेरीतले लोक अजून रंगवून सांगतात. तहसीलदार तरुण होते. अर्ज वाचून म्हणाले, “अर्ज फार मुद्देसूद आहे. कुणी लिहिला?”

“गैरअर्जदारानं,” बाईनं सांगितलं.

हसू ओसरल्यावर साहेबांनी अप्पांना जबाब मागितला आणि आठ दिवसांची मुदत दिली. अप्पा टेबलाशी येऊन बसले. कागद पुढं घेतला. तीस-चाळीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांचे जबाब लिहिले त्यांना स्वतःचा लिहिता येईना. रस्ता नव्हता, असं लिहावं तर ते खोटं. होता, असं लिहिलं तर जबाबात उरलं काय? चौथ्या दिवशी बाई सातबाराचा उतारा घ्यायला कचेरीत आली होती, ती टेबलापाशी थांबली. कोरा कागद तिला दिसला.

“लिहिलं नाही अजून?”

“काय लिहू, वैनी?”

“लिहा की. पाइप दोनदा फुटला म्हणून लिहा. पहिल्यांदा आमच्याच मळणीच्या दिवशी फुटला, मी बगितला. यंत्रवाला म्हणला, अप्पांना सांगतो. त्यानं काय सांगितलं नाही, आन् मी बी नाही. लाज वाटली, आन् पैसे मागताल म्हणून भ्या बी वाटलं. हे बी लिहा.” मग तिचा आवाज चढला. “पर चारी खांदायच्या आधी एक डाव तोंडानं सांगाय पाहिजे होतं का नाही? सहा घरं हावत आम्ही. मेलो नव्हताव.”

अप्पांनी ते सगळं लिहिलं, ती म्हणाली तसं, शेवटच्या बोलण्यासकट. तहसीलदारांच्या हातात दोन कागद गेले. अर्जदाराची बाजू गैरअर्जदारानं लिहिलेली आणि गैरअर्जदाराची अर्जदारानं सांगितलेली. ते जागेवर पाहणीला आले, चारी पाहिली, पाइप कुठून जातो ते पाहिलं आणि म्हणाले, “आता मी काय निकाल देऊ? तुम्ही दोघांनी तो आधीच लिहून आणलाय.”

तडजोड झाली. अप्पांनी चारी बुजवायची. सहा जणांनी मिळून वाटेखाली सिमेंटचा नळा घालायचा आणि त्यातून पाइप न्यायचा, म्हणजे वरून काहीही गेलं तरी फुटायला नको. तडजोडपत्र अप्पांनी लिहिलं. “या लिहिण्याचे पैसे मी देणार नाही,” बाई म्हणाली, आणि दिले नाहीत. नळ्याच्या खर्चाला पाच जण आले. सहाव्यानं, ज्याच्या सोयाबीनला हार्वेस्टर आला होता त्यानं, आज देतो उद्या देतो केलं. त्यानं अजून दिलेले नाहीत, आणि वाटेनं रोज तोच सगळ्यात जास्त जातो.

वाट खुली झाली त्या संध्याकाळी अप्पा धुऱ्यावर उभे होते. निर्णय बरोबर होता, हे त्यांनाच सगळ्यांत जास्त कळत होतं. तरी धुऱ्याकडेच्या पट्टीत यापुढं सोयाबीन घेता येणार नाही, हे पाहून आत काहीतरी टोचलं. सहा घरांची सोय झाली म्हणून ते टोचणं थांबत नव्हतं. कुणी येऊन “अप्पा, तुमचं एवढं गेलं” असं म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. आठ फुटांच्या पट्टीचं हे असं. मग ज्यांचं घर, विहीर, देऊळ आणि म्हसनवटा सगळंच पाण्याखाली जाणार, त्यांना आपण दुपारच्या चहाबरोबर लोभी म्हणत होतो.

त्यानंतर अप्पांनी टेबलावर एक नवा नियम आणला. अर्ज लिहायला कुणी आला की आधी एक कोरा कागद पुढं घ्यायचा आणि त्याला म्हणायचं, समोरच्याचं म्हणणं काय आहे ते सांग, मी लिहितो. ते झालं की मग तुझं. पैसे एकाचेच.

धंदा बसला. साहजिक आहे. भांडायला निघालेल्या माणसाला कुणी आधी शत्रूची वकिली करायला सांगितली तर तो उठून जाणारच, आणि दहा पावलांवर लॅपटॉप घेऊन बसलेला दुसरा अर्जनवीस असले प्रश्न विचारत नव्हता. एक जण तर म्हणाला, “अप्पा, मला न्याय पाहिजे, संस्कार नकोत.” अप्पांनी त्याला हसून वाटेला लावलं. पण सगळेच गेले नाहीत. दोन भाऊ आले, वीस वर्षं एकमेकांच्या नावावरची जमीन कसत होते, आणि आता एकाचा मुलगा ताबा मागत होता. मोठ्यानं धाकट्याची बाजू सांगायला सुरुवात केली आणि पाचव्या वाक्याला त्याच्याच लक्षात आलं, की दोघांनाही आहे तेच हवंय, फक्त कागदावर हवंय. अप्पांनी त्यांना सलोखा योजना सांगितली. जानेवारी 2023 मध्ये सरकारनं आणलेली. बारा वर्षं तरी अदलाबदलीचा ताबा असेल तर दस्ताला मुद्रांक शुल्क एक हजार आणि नोंदणी फी एक हजार. भावांनी तसं केलं. तिथं लिहायला अर्जही उरला नाही, म्हणून अप्पांना पैसेही मिळाले नाहीत.

एकदा कॉलेजातल्या एका प्राध्यापकांनी हा नियम पाहिला आणि खूष होऊन सांगितलं, की अमेरिकेत जॉन रॉल्स नावाच्या विद्वानानं 1971 साली एक जाडजूड ग्रंथ लिहिलाय. त्याचं म्हणणं असं, की समाजाचे नियम ठरवताना आपण स्वतः श्रीमंत असू की गरीब, वरच्या शेतात असू की खालच्या, हे आपल्याला ठाऊक नाही असं धरून बसावं. मग जे नियम निघतील ते न्यायाचे. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “सर, ठाऊक नाही असं धरून बसणं लई अवघड हाय. आमच्याकडं वैनीनं समोर येऊन सांगितलं, तुम्हीच म्हणून.”

मे 2025 मध्ये सरकारनं शेतरस्त्यांबाबत निर्णय काढला. रस्ता शक्यतो तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाराच्या इतर हक्कात व्हावी. अप्पा स्वतःच्या वाटेच्या नोंदीचा अर्ज घेऊन स्वतःच गेले. गावात यावरून दोन मतं पडली. काहींना ते मोठेपण वाटलं. काहींचं म्हणणं, म्हातारा झाल्यावर सगळेच असे होतात.

मग ऑगस्ट आला. 17 ऑगस्टच्या रात्री मुखेड तालुक्यात पाऊस असा कोसळला की लेंडी धरणाच्या भागात एका दिवसात दोनशे मिलिमीटरहून जास्त पडला. वरून उदगीरकडचं आणि कर्नाटकातलं पाणी आलं. घळभरणी झालेली होती. रावणगावात सव्वादोनशेच्या आसपास माणसं अडकली. हसनाळ, भासवाडी, भिंगेली पाण्यात गेली. एसडीआरएफ आलं, सैन्य आलं. हसनाळात माणसं गेली, दावणीची जनावरं गेली. घळभरणीनंच पाणी फुगलं, असं गावकरी म्हणत होते.

दोन दिवसांनी हॉटेलात तीच चर्चा. कापडाचं दुकान असलेले एक शेठ, जे पूर्वी जज्जसाहेबांच्या प्रत्येक निकालाला मान डोलवायचे, ते बोलत होते. “मावेजा घेतला, प्लॉट घेतले. सरकार म्हणत होतं उठा, तर उठले का नाहीत? आता रडून काय उपयोग?”

कुणीतरी अप्पांकडं पाहिलं. अप्पांनी खिशातून घडी केलेला लेजर पेपर काढला, टेबलावर सरळ केला आणि पेनचं टोपण उघडलं.

“शेठ, सांगा. हसनाळचा माणूस अर्जदार हाय. का उठला नाही, ते त्याच्या तोंडानं सांगा, मी लिहितो.”

शेठ हसले. मग हसायचे थांबले, कारण अप्पा वाट बघत होते. “लिहा,” शेठ म्हणाले, “की, आम्हाला प्लॉट मिळाला...”

“एका घराला मिळाला. यादी झाली तेव्हा घरात चुली किती होत्या? आज किती हायेत?”

शेठ गप्प झाले. मग सावकाश म्हणाले, “लिहा, की तेव्हा घर एक होतं. आता तीन पोरांचे तीन संसार.”

“पुढं?”

“पुढं... प्लॉट हाय तिथं पोरांच्या हाताला काम काय? शेत तर इकडंच.”

“पुढं?”

“जनावरं कुठं बांधायची?” शेठ म्हणाले. चहावाला पोऱ्या ट्रे हातात घेऊन उभा राहिला होता. शेठ जवळजवळ पानभर सांगत गेले. मधे एकदा त्यांचा आवाज बसला, कारण त्यांच्या दुकानात वर्षानुवर्षं लग्नाचा बस्ता घ्यायला येणारं एक घर त्या गावातलं होतं. शेवटी त्यांनी कप उचलला, तो थंड झाला होता, आणि म्हणाले, “तरी बी अप्पा, माझं मत बदललं नाही. पाणी येणार हे दिसत होतं. लेकराबाळांसाठी तरी उठायला पाहिजे होतं.”

“बरं,” अप्पा म्हणाले. त्यांनी पहिला कागद शेठकडं सरकवला, खिशातून दुसरा काढला आणि त्याच्या डोक्यावर लिहिलं, गैरअर्जदारातर्फे जबाब. “हे तुमचं मत इथं लिहू. पर त्याच्याखाली सही तुमची लागंल. आन् हा पहिला कागद तुम्हीच सांगितलाय, तेव्हा त्याच्यावर बी तुमचीच.”

शेठनी दोन्ही कागद वाचले. पोऱ्याला आणखी एक चहा सांगितला आणि चष्मा पुसून पहिला कागद पुन्हा वाचायला घेतला.